वेगवान आक्रमणातला सेंटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बास्केटबॉलमध्ये वेगवान खेळ म्हटलं की चर्चा गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूची, होते. पण संघ प्रत्यक्षात किती वेगाने खेळू शकेल, हे बहुतेक वेळा पाच नंबरच्या खेळाडूवर, म्हणजे सेंटरवर, ठरतं. चेंडू ताब्यात आल्यावर पहिल्या तीन सेकंदांत सेंटर काय करतो, यावरून पुढचं आक्रमण पाच जणांचं होणार की चार जणांचं, ते कळतं. खालची बहुतेक उत्तरं या तीन सेकंदांबद्दलच आहेत. मापं आणि नियम फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, आहेत. अमेरिकेतल्या एनबीए लीगचा नियम वेगळा असेल तिथे तसा उल्लेख केला आहे.

वेगवान आक्रमण म्हणजे फक्त फास्ट ब्रेक का?

नाही. निव्वळ फास्ट ब्रेक, म्हणजे दोनास एक किंवा तीनास दोन अशी धाव, सामन्यात मोजक्याच वेळा मिळते. वेगवान संघ शॉट क्लॉकच्या, म्हणजे शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांपैकी पहिल्या सात-आठ सेकंदांतच चांगला शॉट शोधतो, कारण तोवर बचावाचे खेळाडू पळतच असतात आणि कोणी कोणाला धरायचं हे ठरलेलं नसतं. पहिली धाव अडली तर मागून येणारा सेंटर दुसरी लाट उभी करतो. तीही अडली तर चेंडू न थांबवता थेट स्क्रीनमध्ये, म्हणजे सहकाऱ्याच्या डिफेंडरची वाट अंगाने अडवण्यात, शिरायचं. गार्डने चेंडू धरून हाताने खुणा केल्या आणि सगळे आपापल्या जागी चालत गेले, की वेग संपला.

वेग मोजायचा तर गुण पाहू नका, पझेशन, म्हणजे चेंडू किती वेळा ताब्यात आला ते, मोजा. घेतलेले शॉट, अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो, वजा आक्रमक रिबाउंड (आपल्याच चुकलेल्या शॉटचा परत मिळवलेला चेंडू), अधिक टर्नओव्हर (गमावलेला चेंडू): हे सूत्र साध्या स्कोअरशीटवरूनही चालतं. ०.४४ यासाठी की प्रत्येक दोन फ्री थ्रोमागे एक पझेशन संपतंच असं नाही. बास्केटसह मिळालेला एक फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा फ्री थ्रो वेगळं पझेशन धरत नाहीत.

उंची किती हवी?

या प्रश्नाला एक आकडा देता येत नाही. वेस अनसेल्ड २.०१ मीटरचा होता आणि १९६८-६९ मध्ये एनबीएच्या पहिल्याच मोसमात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. ड्रेमंड ग्रीन १.९८ मीटरचा. निकोला योकिच २.११, करीम अब्दुल-जब्बार २.१८. या चौघांच्या उंचीत २० सेंटिमीटरचा फरक आहे, तरी चौघांच्याही संघांनी त्यांच्या जोरावर उघड्या मैदानात बास्केट केल्या.

उंचीचा फायदा दोन ठिकाणी होतो: रिंगपाशी शॉट अडवताना आणि वरून आलेला लॉब पास झेलताना. बाकी कामं पाय, हात आणि नजर करतात. दोन खेळाडूंमधून निवड करायची झाली तर पाच सेंटिमीटर जास्त उंच खेळाडूपेक्षा चेंडू बदलताच आधी वळून पळू लागणारा खेळाडू घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. एक अट मात्र सोडता येत नाही. त्याला बचावातला रिबाउंड घेता आला पाहिजे, नाहीतर धाव सुरूच होत नाही.

रिबाउंड हातात आल्यावर नेमकं काय करायचं?

इथेच सर्वांत जास्त वेळ वाया जातो, म्हणून हे सविस्तर.

पहिली गोष्ट उडी मारण्याआधीची. शॉट हवेत असताना आपल्या माणसाला पाठीवर घ्या आणि त्याच क्षणी आउटलेट (धाव सुरू करणारा पहिला पास) घेणारा गार्ड कोणत्या बाजूला उभा राहील ते पाहून ठेवा. उजवीकडून घेतलेला शॉट चुकला तर तो बऱ्याचदा डावीकडे पडतो, त्यामुळे गार्डलाही कुठे यायचं याचा अंदाज असतो.

चेंडू दोन्ही हातांनी, हात वर ताणून घ्या. खाली येताना हवेतच खांदे आणि कंबर जवळच्या साइडलाइनकडे वळवा, म्हणजे पाय टेकतील तेव्हा शरीर चाळीस-पन्नास अंश बाहेर वळलेलं असेल. चेंडू हनुवटीच्या खाली येऊ देऊ नका. कमरेपर्यंत आणलेला चेंडू विरोधी गार्ड खालून उडवतो, आणि उडवला नाही तरी तो परत वर नेण्यात अर्धा सेकंद जातोच. नजर आधी लांब, मग जवळ. समोरच्या रिंगकडे कोणी एकटा पळत असेल तर डोक्यावरून दोन्ही हातांनी लांब पास. नसेल तर फ्री थ्रो रेषेच्या समांतर, साइडलाइनजवळ पाठ रेषेकडे करून उभ्या असलेल्या गार्डला पास. चेंडू पकडल्यापासून सुटेपर्यंत एक सेकंद हे लक्ष्य ठेवा.

चुका ठरलेल्या असतात. पेंटच्या, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाच्या, मधोमध, रिंगसमोरून आडवा पास दिला तर तो अडवणाऱ्याला थेट लेअप, म्हणजे रिंगजवळचा सोपा शॉट, मिळतो. चेंडू घेतल्यावर सवयीने एक ड्रिबल मारला की दोन-तीन हात त्यावर पडतात. आणि गार्ड पळत पळत पुढे निघून गेलेला असताना त्याच्या पाठीवर पास टाकणं ही चूक दोघांची आहे. गार्डने आधी चेंडू मागायला हवा होता, आणि सेंटरने तो वळल्याशिवाय पास द्यायला नको होता.

आउटलेटचं महत्त्व पाहायचं तर योकिचचे पास पाहा. डेन्व्हरचा संघ बरीच वर्षं एरवी फार वेगाने खेळणारा नव्हता, तरी रिबाउंड घेतल्या घेतल्या त्याचा पास अर्धं मैदान ओलांडतो आणि पुढच्या खेळाडूला बचाव लागण्याआधीच लेअप मिळतो.

विरोधी संघाने बास्केट केली तर वेग कसा राखायचा?

बास्केट खाल्ल्यावर बहुतेक संघ श्वास घ्यायला थांबतात. वेगवान संघासाठी ही संधीच आहे, कारण बास्केट करणारे खेळाडूही क्षणभर ढिले पडतात.

चेंडू जाळीतून खाली पडताना, जमिनीवर टप्पा पडायच्या आत घ्या. एक पाऊल बोर्डच्या बाजूला टाकून बेसलाइनच्या बाहेर जा. बोर्डच्या बरोबर मागे उभं राहिलात तर पास बोर्डच्या मागच्या बाजूला लागतो. चेंडू हातात असताना पाय रेषेच्या आत, मैदानात पडता कामा नये; घाईत आत पाय पडून चेंडू गेल्याचं प्रत्येक स्पर्धेत दिसतं. नियम पाच सेकंद देतो. सरावात दोन सेकंदांच्या आत चेंडू सुटलाच पाहिजे. बास्केटनंतर बेसलाइनच्या मागे डावी-उजवीकडे पळण्याची मुभा आहे, तिचा दबावाविरुद्ध उपयोग करा. चेंडू एरवी बाहेर गेल्यावरच्या थ्रो-इनला ही मुभा नसते, तिथे एक मीटरच्या पलीकडे आडवं सरकता येत नाही. हा फरक गोंधळलेल्या क्षणी विसरला जातो.

चेंडू आत कोणी टाकायचा, यावर दोन मतं आहेत. सॉनी अ‍ॅलन यांच्या नंबर ब्रेकमध्ये, जो पॉल वेस्टहेड यांनी लोयोला मेरीमाउंट या अमेरिकन विद्यापीठाच्या संघात टोकापर्यंत नेला, प्रत्येकाची धावेची वाट ठरलेली असते: पाच नंबर चेंडू आत टाकतो आणि मागून येतो, चार नंबर, म्हणजे संघातला दुसरा मोठा खेळाडू, थेट रिंगकडे पळतो. १९८९-९० मध्ये त्या संघाने सामन्यामागे सरासरी १२२.४ गुण केले. दुसरं मत असं की चार आणि पाचपैकी जो चेंडूजवळ असेल त्याने तो टाकावा आणि दुसऱ्याने पळावं. नव्या संघाला पहिली पद्धत सोपी पडते, कारण विचार करावा लागत नाही. पण दोन्ही मोठे खेळाडू पळणारे असतील तर दुसरी जास्त वेगवान आहे.

रिंगकडे धाव घ्यायची म्हणजे कशी?

दोन रिंगांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर २४.८५ मीटर आहे. सेंटर सेकंदाला सहा मीटर वेगाने पळत असेल आणि तो एक सेकंद उशिरा निघाला, तर तो सहा मीटर मागे पडतो. एवढं अंतर नंतर कितीही जोरात पळून भरून निघत नाही. म्हणून पहिली तीन-चार पावलं पूर्ण ताकदीने, मान खाली घालून, चेंडूकडे न पाहता टाका. अर्ध्या मैदानानंतर खांद्यावरून मागे पाहा.

वाट मैदानाच्या मधोमध असावी, बाजूने नव्हे. मधून पळणाऱ्या सेंटरला बचाव सोडू शकत नाही. त्याला अडवायला दोघे आत ओढले जातात आणि कोपऱ्यातला शूटर मोकळा होतो. या धावेत सेंटरला चेंडू मिळाला नाही तरी तिचं काम झालेलं असतं. हे सेंटरला पटवून देणं प्रशिक्षकाचं सर्वांत कठीण काम आहे, कारण दहा धावांपैकी सात-आठ वेळा त्याच्या हाती काहीच येत नाही. अशा धावेतून शूटरची बास्केट झाली तर तिचं श्रेय सगळ्यांसमोर, नाव घेऊन, सेंटरला द्या.

रिंगसमोर पोहोचल्यावर वळा, डिफेंडरला पाठीवर घ्या आणि हात वर दाखवा. पेंटमध्ये थांबण्याच्या तीन सेकंदांची मोजणी आपल्या संघाचा चेंडू पुढच्या अर्ध्यात असतानाच होते, म्हणून गार्ड अजून मध्यरेषेच्या मागे असेल तर घाबरायचं कारण नाही. चेंडू पुढे आल्यावर मात्र दोन सेकंद जागा धरा, पास नाही आला तर लगेच बाहेर पडा. तिथेच उभं राहिलात तर गार्डची आत शिरायची वाट बंद होते.

मागून येणाऱ्या सेंटरचं काम काय?

रिबाउंड किंवा थ्रो-इन त्यानेच केला असेल तर तो चेंडूच्या चार-पाच मीटर मागून येणारच. त्याने रिंगकडे न जाता तीन पॉइंट रेषेच्या बाहेर, मध्याच्या थोडं बाजूला यावं. बचावातले सगळे आत धावलेले असतात, त्यामुळे या जागेवर चेंडू जवळजवळ नेहमीच मोकळा मिळतो.

मिळाल्यावर पर्याय चार, याच क्रमाने पाहावेत. मोकळा असेल आणि जमत असेल तर शॉट. रिंगसमोर चार नंबरने डिफेंडरला पाठीवर धरलं असेल तर वरून आत पास. नाहीतर चेंडू दुसऱ्या बाजूला, कारण तिथला बचाव अजून सरकलेला नसतो. आणि तेही नसेल तर पासामागे जाऊन स्क्रीन किंवा हातातून हातात चेंडू देणं. एक सेकंदाहून जास्त चेंडू डोक्यावर धरून उभं राहणं हा पर्याय नाही.

ड्रॅग स्क्रीन नेमकं कसं लावायचं? पंच सतत फाउल का देतात?

धावेच्या ओघात, बचाव मागे पळत असतानाच, चेंडू असलेल्या गार्डसाठी लावलेला स्क्रीन म्हणजे ड्रॅग स्क्रीन. त्याचा फायदा असा की सेंटरचा डिफेंडर अजून रिंगकडे मागे पळत असतो, स्क्रीनपाशी मदतीला नसतो. त्यामुळे गार्डला वळसा घालताच समोर मोकळी जागा दिसते.

फाउल होण्याचं कारण नियमात आहे. ज्याला अडवायचं तो चालत्या अवस्थेत असेल तर त्याला थांबायला किंवा दिशा बदलायला जागा ठेवावी लागते: किमान एक आणि जास्तीत जास्त दोन सामान्य पावलं. धावत धावत येऊन त्याच्या अंगावर स्क्रीन लावला तर ही जागा उरत नाही. उपाय म्हणजे लवकर पोहोचणं. शेवटची दोन पावलं आखूड टाका, दोन्ही पायांवर उडी घेतल्यासारखं थांबा, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, हात छातीशी. त्यानंतर हलायचं गार्डने, सेंटरने नव्हे. बहुतेक फाउल गार्ड स्क्रीनची वाट न पाहता आधीच निघतो आणि सेंटर त्याच्याबरोबर कंबर सरकवतो तेव्हा होतात.

सेंटरचा डिफेंडर आधीच वर उडी घेऊन आला तर स्क्रीन लावूच नका. जागेवर पोहोचण्याआधीच रिंगकडे कापा.

रोल करताना, म्हणजे स्क्रीन लावून रिंगकडे वळताना, फ्री थ्रो रेषेपाशीच चेंडू मिळाला तर?

गार्डवर दोघे धावून गेले की सेंटर फ्री थ्रो रेषेपाशी मोकळा होतो आणि पुढे चारास तीन अशी स्थिती तयार होते. ड्रेमंड ग्रीनने गोल्डन स्टेटमध्ये हीच जागा आपलीशी केली, आणि त्यामुळे स्टीफन करीवर दोघे पाठवणं विरोधकांना महाग पडत गेलं.

चेंडू येण्याआधीच एक नजर रिंगखालच्या डिफेंडरवर टाका. तो वर आला तर त्याच्या मागे लॉब किंवा जमिनीलगत पास. तो जागेवर राहिला तर एक ड्रिबल आणि लेअप किंवा फ्लोटर, म्हणजे उंच, हलका शॉट. कोपऱ्यातला डिफेंडर आत सरकला तर कोपऱ्यात पास. दोनहून जास्त ड्रिबल झाले की गार्डवर गेलेले दोघे परत येतात आणि संधी जाते. पळताना चेंडू पकडला तर जमिनीवर असलेला पाय मोजला जात नाही, त्यापुढे दोन पावलं मिळतात. २०१७ पासूनच्या या नियमाचा अनेक सेंटर अजूनही उपयोग करत नाहीत. उगाच एक ड्रिबल मारतात आणि तिथेच चेंडू गमावतात.

तीन पॉइंटर आलाच पाहिजे का?

आला तर फार सोपं होतं, पण अनिवार्य नाही. मूळ गरज आहे ती विरोधी सेंटरला रिंगपासून दूर ओढण्याची. ते शॉटने करता येतं, जसं माइल्स टर्नरने २०२४-२५ मध्ये इंडियानाकडून केलं; तो वेगवान संघ एनबीए फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत पोहोचला. किंवा ते हातातून हातात दिलेल्या चेंडूने करता येतं. डोमांटास सबोनिस क्वचितच तीन पॉइंटर घ्यायचा, तरी २०२२-२३ मध्ये सॅक्रामेंटोचं आक्रमण लीगमधलं सर्वांत कार्यक्षम होतं. सेंटर बाहेर चेंडू घेऊन उभा, शूटर त्याच्याभोवती धावताहेत; त्याचा डिफेंडर मागे सरकून राहिला तर शूटरला कोणी अडवायलाच नाही.

एकाच संघाचं उदाहरण घ्यायचं तर फिनिक्स. २००४-०५ मध्ये माइक डॅन्टोनी यांनी २.०८ मीटरच्या अमारे स्टॉडमायरला सेंटरला खेळवलं, त्याने सामन्यामागे २६ गुण केले आणि संघाने ६२ सामने जिंकले. पुढच्या मोसमात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो जवळजवळ खेळलाच नाही. त्याच्या जागी आलेला बोरिस डियाव त्याच्यासारखा उडी मारणारा नव्हता, पास देणारा होता. तरीही संघाने ५४ सामने जिंकले. पद्धत तीच राहिली, सेंटरचं हत्यार बदललं.

आमचा सेंटर रिंगकडे पाठ करून पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळच्या जागेत, खेळणारा आणि संथ आहे. वेगवान खेळ सोडून द्यावा का?

नाही. १९८० च्या दशकातल्या लेकर्सकडे पाहा. मॅजिक जॉन्सन चेंडू घेऊन सुटायचा, बाजूंनी दोघे पळायचे, आणि धावेतून काही मिळालं नाही तर मागून आलेल्या करीमला पोस्टमध्ये चेंडू द्यायचे. करीमकडून सगळ्यांच्या पुढे पळण्याची अपेक्षा नव्हती. रिबाउंड आणि आउटलेट मात्र वेळेवर हवे होते. संथ सेंटरकडून एक सेकंदाचा आउटलेट मागा आणि त्याला मागून येऊ द्या. त्याने पुढच्या अर्ध्यात पोहोचताच थेट पोस्टमध्ये जागा धरावी, बाहेर रेंगाळू नये.

सेंटरने स्वतःच चेंडू घेऊन पळावं का?

समोर मोकळी जागा असेल आणि तो डोकं वर ठेवून पूर्ण वेगात ड्रिबल करू शकत असेल, तरच. त्याने मध्यरेषेच्या थोडं पुढे पहिला डिफेंडर भेटेपर्यंत जावं आणि चेंडू सोडावा.

आक्रमक रिबाउंडला जावं की मागे पळावं?

रिंगकडे धाव घेणारा सेंटर आधीच रिंगखाली असतो, त्याने रिबाउंडला जायलाच हवं. मागून आलेल्या सेंटरने शॉट सुटताना चेंडू कुठे आहे ते पाहावं आणि लगेच मागे वळावं. आक्रमक रिबाउंड मिळाला तर शॉट क्लॉक १४ सेकंदांवर येतं; घाईने वर फेकण्यापेक्षा आत मोकळं नसेल तर बाहेर पास द्या, कारण त्या क्षणी बचाव पूर्ण आत गोळा झालेला असतो. फिबा नियमात शॉट रिंगला लागून वर उसळला की चेंडू रिंगच्या वर असतानाही टिप करता येतो. एनबीएत तो रिंगच्या वरच्या काल्पनिक नळकांड्यात असेपर्यंत हात लावता येत नाही. एनबीए पाहून शिकलेले खेळाडू इथे विनाकारण थांबतात.

बचावाचा याच्याशी काय संबंध?

सगळाच. बिल रसेलच्या बोस्टनने १३ मोसमांत ११ विजेतेपदं मिळवली, आणि त्यांची धाव सुरू व्हायची रसेलच्या रिबाउंडपासून किंवा ब्लॉकपासून. तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावत नसे. आपल्याच खेळाडूकडे जाईल असा टॅप करायचा. मैदानाबाहेर गेलेला ब्लॉक विरोधकांना चेंडू परत देतो, आत राहिलेला ब्लॉक थेट धाव सुरू करतो. फाउलही सांभाळा. फिबात पाचव्याला बाहेर, आणि वेगवान खेळात पझेशन जास्त म्हणजे फाउलच्या संधीही जास्त. मागून पाठलाग करून मारलेला हात हा सर्वांत टाळता येण्यासारखा फाउल आहे.

दम कसा वाढवायचा, आणि किती वेळ खेळवायचं?

लांब, संथ पळण्याचा इथे फारसा उपयोग नाही. बेसलाइन ते बेसलाइन २८ मीटर पूर्ण वेगात, टोकाला दोन्ही हातांनी बोर्डकडे उडी, लगेच परत. ही एक फेरी, मग ३० सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या. आठवड्यातून दोनदा पुरे. शेवटच्या फेरीचा वेळ पहिलीपेक्षा एक सेकंदाहून जास्त वाढला की तिथेच थांबा, दमलेल्या पायांनी उड्या मारत राहिलं की गुडघे दुखावतात.

सामन्यात सलग चार-पाच मिनिटं, मग एक-दोन मिनिटं बाहेर. खूण पळण्यातच दिसते: पहिली तीन पावलं चालत टाकू लागला की बदला.

सरावात काय ठेवावं?

रोज पंधरा मिनिटं. बोर्डवर चेंडू टाकून रिबाउंड आणि आउटलेट, दोन्ही बाजूंना आठ-आठ, साइडलाइनजवळ टेपने एक मीटरचा चौकोन करून त्यातच पास. मग बास्केटनंतरचा थ्रो-इन, दहा वेळा, घड्याळ लावून. मग चारास तीन, सेंटर फ्री थ्रो रेषेवर, चेंडू पकडून शॉट किंवा पास व्हायला दीड सेकंद. शॉटचा सराव नेहमी पूर्ण मैदान पळून आल्यावरच घ्या, उभ्या उभ्या मारलेले शंभर शॉट सामन्यात दगा देतात. फ्री थ्रोही धापा टाकत असतानाच मारायला लावा, कारण रिंगकडे पळणाऱ्या सेंटरवर फाउल भरपूर होतात.

सेंटर सुधारतोय हे कसं ओळखायचं?

गुण आणि रिबाउंड लिहिता तिथेच चार रकाने जोडा: दोन सेकंदांच्या आत सुटलेले आउटलेट, आपल्या डिफेंडरच्या पुढे पोहोचलेल्या धावा, ज्यातून शॉट मोकळा झाला असे स्क्रीन, आणि आउटलेट किंवा शॉर्ट रोलमध्ये (रोल करताना फ्री थ्रो रेषेपाशी) गमावलेले चेंडू. दर दहा पझेशनमागे आकडा काढा. सुरुवातीला चौथा रकाना फुगेल. त्यासाठी वेग कमी करू नका, पासाची जागा सुधारा.

लहान वयोगटात उंच मुलाला किंवा मुलीला आत्ताच सेंटर ठरवावं का?

नको. बारा-तेराव्या वर्षी सगळ्यांत उंच असलेलं मूल सोळाव्या वर्षी संघात मधल्या उंचीचं असू शकतं, आणि तोवर त्याने फक्त रिंगखाली उभं राहायलाच शिकलेलं असतं. सगळ्यांना ड्रिबल, दोन्ही हातांनी पास आणि मोकळ्या मैदानात पळणं शिकवा. रिबाउंड ज्याच्या हाती येईल त्याने आउटलेट द्यावा आणि जो पुढे असेल त्याने रिंगकडे पळावं, एवढा एकच नियम त्या वयात पुरतो.